कम्युनिस्ट म्हणून आरोप झालेल्या कामगार पुढाऱ्याचे वकीलपत्र घ्यावे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सनद मिळून तीन वर्षे झाली, एका ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात तुम्ही कामगारांच्या बाजूची कामे करता, आणि ज्या युनियनची ग्रॅच्युइटीची व बडतर्फीची प्रकरणे तुम्ही चालवत आला आहात, तिच्या सेक्रेटरींना संपाच्या काळात केलेल्या भाषणावरून अटक झाली आहे. घरझडतीत मार्क्सवादी पुस्तके सापडली आणि दुसऱ्या दिवसापासून बातम्यांमध्ये त्यांच्या नावाआधी 'कम्युनिस्ट' हा शब्द लागू लागला. युनियन तुम्हालाच वकीलपत्र घ्यायला सांगते आहे. कार्यालयातील सहकारी मात्र १९४९ च्या न्यूयॉर्कमधील खटल्याचा दाखला देऊन बजावत आहेत की अशा प्रकरणात आरोपींबरोबर वकीलही तुरुंगात जातो आणि कायमचा शिक्का बसतो. कारकीर्द संपते का, असे तुम्ही विचारले आहे.

शिक्क्याची भीती खरी आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे. परंतु तुमच्या प्रश्नातील 'युनियनने मला सांगितले आहे' या वाक्यापाशी मी थांबलो. सांगणारी युनियन, फी देणारी युनियन, आणि कोठडीत बसलेला माणूस मात्र एकटा, अशी ही स्थिती आहे. या प्रकरणात तुमचा अशील नेमका कोण, हे आधी ठरले पाहिजे. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत अशा खटल्यांमध्ये झालेले बहुतेक नुकसान हा प्रश्न वेळीच न विचारल्यामुळे झालेले मी पाहिले आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या प्रथम सांगतो. आरोप कोणत्या कायद्याखाली आहे, यावर जवळजवळ सर्व काही ठरते. बेकायदा जमाव, धाकदपटशा, किंवा शांतता राखण्याच्या जामिनाची चॅप्टर केस असेल तर कामगार न्यायालयात वावरलेला वकील थोड्या तयारीने ते काम उत्तम करू शकतो. परंतु १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक अधिनियम लागलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्या कायद्यातील दहशतवादविषयक प्रकरणांत जामिनाची अट अत्यंत कडक आहे, आणि बंदी घातलेल्या संघटनेचे निव्वळ सदस्यत्व गुन्हा ठरायला पुरेसे नाही हा २०११ चा अरूप भुयां प्रकरणातील दिलासाही सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०२३ मध्ये काढून घेतला आहे. अशा खटल्यात अनुभवी फौजदारी वकील मुख्य आणि तुम्ही साहाय्यक, अशीच रचना हवी. येथे प्रतिष्ठा आड येऊ देऊ नका. पुढे मी जे लिहितो आहे ते पहिल्या प्रकारचे प्रकरण गृहीत धरून लिहितो.

आता न्यूयॉर्कच्या खटल्याविषयी, कारण तो अर्धवट सांगितला जातो. अमेरिकेच्या कम्युनिस्ट पक्षाच्या ११ नेत्यांवर १९४० च्या स्मिथ कायद्याखाली खटला भरला गेला. आरोप कोणत्याही कृत्याचा नव्हता; बळाने सरकार उलथून टाकण्याची शिकवण देण्यासाठी एकत्र आल्याचा होता. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेला हा खटला ऑक्टोबरपर्यंत चालला. न्यायाधीश हॅरॉल्ड मेडिना आणि बचावाचे वकील यांच्यात रोज खटके उडत होते. ज्यूरीने सर्वांना दोषी ठरवल्यावर त्याच दिवशी न्यायाधीशांनी वकिलांनाही न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा सुनावल्या. त्या वकिलांपैकी हॅरी सॅकर हे न्यूयॉर्कच्या वाहतूक कामगारांच्या युनियनचे, तर रिचर्ड ग्लॅडस्टीन हे पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांचे वकील होते. जॉर्ज क्रॉकेट हे कृष्णवर्णीय वकील डेट्रॉइटच्या मोटार कामगारांच्या युनियनमध्ये काम करून आलेले होते. म्हणजे तुमच्या-माझ्या धंद्यातलीच ही माणसे. १९५२ मध्ये त्यांच्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाल्या आणि त्यांनी तुरुंगवास भोगला.

तुमचे सहकारी येथे थांबतात. पुढची गोष्ट अशी, की या शिक्षांची दहशत इतकी पसरली की पेन्सिल्व्हेनियात स्टीव्ह नेल्सन या कम्युनिस्ट कार्यकर्त्याला वकील मिळेना आणि त्याला स्वतःच स्वतःची बाजू मांडावी लागली. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली, आणि १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. दुसऱ्याच वर्षी येट्स प्रकरणात त्याच न्यायालयाने तत्त्व म्हणून एखादी गोष्ट प्रतिपादणे आणि प्रत्यक्ष कृती करण्यास चिथावणे यांत भेद केला, त्यानंतर स्मिथ कायद्याखालचे खटले जवळजवळ थांबले. क्रॉकेट तुरुंगातून बाहेर आले, डेट्रॉइटमध्ये गोऱ्या व कृष्णवर्णीय वकिलांच्या संयुक्त कार्यालयात वकिली करीत राहिले, १९६६ मध्ये फौजदारी न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले. सर्वांच्या वाट्याला असे आले नाही. अ‍ॅब्राहम इसरमन या त्याच खटल्यातील बचावाच्या वकिलांची न्यू जर्सीतील सनद गेली आणि ती परत मिळेपर्यंत १९६१ साल उजाडले. तेव्हा कारकीर्द संपते का, याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की काहींची वर्षानुवर्षे अडते, काहींची पुन्हा उभी राहते, आणि कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही.

मला त्या खटल्यातून दुसरा एक धडा अधिक मोलाचा वाटतो. बचावाची दिशा बरीचशी पक्षाने ठरवली होती. न्यायालयापुढे पक्षाच्या सिद्धान्ताचेच समर्थन करायचे, असे धोरण होते. पक्षाच्या दृष्टीने ते योग्य असेलही. परंतु प्रत्येक आरोपीच्या दृष्टीने ते योग्य होते का, हा प्रश्न वेगळा विचारायला हवा होता असे मला वाटते.

आपल्याकडे मीरत कट खटल्यात हाच पेच होता. २० मार्च १९२९ रोजी देशभरातून कामगार पुढारी पकडले गेले. एकूण आरोपी ३२ झाले. त्यांत डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे अशी मुंबईच्या गिरणी आणि रेल्वे कामगारांत काम करणारी मंडळी होती. खटला मुंबईत किंवा कलकत्त्यात चालला असता तर ज्यूरी बसवावी लागली असती, म्हणून तो मीरतेत नेण्यात आला. तो जवळजवळ चार वर्षे चालला, वयोवृद्ध ठेंगडी खटला चालू असतानाच वारले, आणि जानेवारी १९३३ मध्ये २७ जणांना शिक्षा झाल्या. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, डांगे यांना १२ वर्षे. आरोपींनी न्यायालयात दीर्घ राजकीय निवेदने केली आणि ती देशभर व देशाबाहेर वाचली गेली. परंतु शिक्षा कमी झाल्या त्या ऑगस्ट १९३३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात, जेथे कैलासनाथ काटजू यांच्यासारख्या वकिलांनी प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा वेगळा काढून मांडला. काही सुटले, आणि जन्मठेपेची तीन वर्षे झाली.

या दोन गोष्टींचा मेळ घालणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे. आरोपीला आपले मत लपवायचे नसते. तो कामगारांपुढे जे बोलला ते न्यायालयात नाकारले तर उद्या गेटवर उभे राहायला त्याला तोंड नसते. आणि वकिलाला तर त्याला सोडवायचे असते.

माझ्या पहिल्याच अशा प्रकरणाची हकीकत सांगतो. नावे आणि ठिकाण सांगणार नाही. संपाच्या सोळाव्या दिवशी गेटसभेत केलेल्या भाषणावरून एका युनियनच्या सेक्रेटरीवर चिथावणीचा आणि बेकायदा जमावाचा आरोप होता. फिर्यादीत भाषणातील तीन वाक्ये होती. मी कामगार न्यायालयातील सवयीप्रमाणे आखणी केली की ही वाक्ये आरोपी बोललाच नाही, फिर्याद बनावट आहे. आरोपीचा जबाब नोंदवण्याच्या आदल्या दिवशी मी तुरुंगात भेटायला गेलो. मधल्या जाळीला बोटे अडकवून ते उभे होते. माझे सगळे ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, चार हजार माणसांनी ऐकलंय. मी बोललोच नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्ही दुसरं काहीतरी शोधा."

त्या रात्री मी ते प्रकरण पुन्हा पहिल्या कागदापासून वाचले. युनियनच्या एका कार्यकर्त्याने सभेचे भाषण ध्वनिमुद्रित केले होते. ते बेचाळीस मिनिटांचे होते. फिर्यादीतील तीन वाक्यांच्या आधी त्यांनी कामगारांना दोनदा बजावले होते की यंत्राला हात लावायचा नाही, गेटच्या आत जायचे नाही आणि कामावर जाणाऱ्याच्या अंगावर जायचे नाही. मी बचाव बदलला. भाषण आम्ही पूर्णपणे मान्य केले आणि अख्खेच न्यायालयापुढे ठेवले. युक्तिवाद एवढाच केला की, कडक शब्दांत व्यवस्थेवर टीका करणे आणि हिंसेला चिथावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९६२ च्या केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ याच रेषेपर्यंत संकुचित केला होता. केदारनाथ सिंह हा आरोपी बिहारमधील फॉरवर्ड कम्युनिस्ट पक्षाचा होता, आणि त्याचे स्वतःचे अपील फेटाळले गेले असले तरी त्याच्या खटल्यातील विवेचनाने पुढे कितीतरी जणांना आधार दिला आहे.

माझ्या त्याच पहिल्या खटल्यात मुद्देमालाच्या यादीने मला एक गोष्ट शिकवली. पंचनाम्यात 'लाल रंगाची पुस्तके, नग १९' एवढीच नोंद होती. एकाही पुस्तकाचे नाव नव्हते. उलटतपासणीत मी पंचाला गठ्ठा सोडायला सांगितला आणि एकेक पुस्तक हातात देऊन मुखपृष्ठावरील अक्षरे वाचायला सांगितली. सातवे पुस्तक बोनस कायद्याची प्रत होती, अकरावे ग्रॅच्युइटीच्या कायद्याची. न्यायाधीशांनी ते पुस्तक स्वतःकडे मागून घेतले, उघडून पाहिले आणि नोंद केली. पुस्तके कोणती, त्यांतील कोणत्या पानाचा आरोपातील कृत्याशी कोणता संबंध, आणि तो संबंध कोणत्या साक्षीदाराने सांगितला, हे तीन प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक मुद्देमालाला विचारतो. तुमच्या प्रकरणातही घरझडतीचा पंचनामा प्रथम मिळवा आणि सावकाश वाचा. माझ्या त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटला. निकालपत्रात त्याच्या विचारांविषयी एक ओळही नव्हती.

आता कामगार कायद्याची बाजू, जी फौजदारी वकील बहुधा विसरतो आणि जिच्यामुळे तुमची या प्रकरणात खरी गरज आहे. अटक झाली की व्यवस्थापन निलंबनाचा आदेश काढते आणि त्याच घटनेवरून खात्यांतर्गत चौकशी सुरू करते. चौकशीत कामगाराने बचाव उघड केला तर तो फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरला जाण्याचा धोका असतो. गप्प बसला तर चौकशी एकतर्फी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात सांगितले आहे की आरोप गंभीर असेल, तथ्ये तीच असतील आणि प्रश्न गुंतागुंतीचे असतील, तर खटला संपेपर्यंत चौकशी थांबवणे इष्ट ठरू शकते. हा अर्ज वेळेवर झाला पाहिजे. चौकशीत दोन साक्षीदार झाल्यावर तो करून उपयोग नाही. त्याचप्रमाणे १९२६ च्या ट्रेड युनियन अधिनियमातील कलम १७ हे पिढ्यानपिढ्या आपल्या कामाचे राहिले आहे. नोंदणीकृत युनियनच्या सदस्यांनी युनियनच्या उद्दिष्टांसाठी आपसांत केलेल्या ठरावाला, तो गुन्हा करण्याचा ठराव नसेल तर, गुन्हेगारी कटाच्या सर्वसाधारण कलमातून त्याने संरक्षण दिले. आता कलमांचे क्रमांक आणि संहिता बदलल्या आहेत, त्यामुळे आजच्या तरतुदी समोर ठेवूनच अर्ज लिहा. पण संपाचा ठराव म्हणजे कट नव्हे, हे मूळ तत्त्व न्यायालयाला समजावून सांगणारा वकील युनियनच्या कामातून आलेला असला की फरक पडतो.

येथे एक कटू निकाल तुम्हाला ठाऊक असलेला बरा. १९५८ च्या बालकोटय्या प्रकरणात रेल्वेच्या ज्या कर्मचाऱ्यांना कम्युनिस्ट कारवायांच्या कारणावरून राष्ट्रीय सुरक्षेच्या नियमांखाली नोकरीतून कमी केले होते, त्यांची अपिले सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. पंचवीस वर्षांनी, १९८३ मध्ये, रामशंकर रघुवंशी प्रकरणात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी पूर्वीच्या राजकीय संबंधांवरून एका शिक्षकाला नोकरीतून काढणे अमान्य केले. तो शिक्षक संघ आणि जनसंघाच्या कामात असल्याचा पोलिसांचा अहवाल होता. डाव्यांच्या बचावासाठी मी हा निकाल अनेकदा वापरला आहे, आणि तत्त्व कोणत्याही रंगाच्या माणसासाठी सारखेच असते, हे न्यायालयाला पटवण्यासाठी त्याच्याइतका उपयोगी निकाल मला दुसरा सापडलेला नाही.

शिक्क्याकडे आता येतो. व्यवस्थापनांची कामे तुमच्याकडे येणार नाहीत, हे धरून चाला. माझ्याकडून दोन कंपन्यांची सल्लागाराची कामे एका महिन्यात गेली आणि त्या वर्षी घरभाडे देताना ओढाताण झाली. परंतु कामगारांच्या बाजूचा वकील म्हणून ती कामे आज ना उद्या सोडावीच लागतात. जी युनियन अडचणीच्या काळात तुम्हाला कोर्टात उभे राहिलेले पाहते, ती पुढची वीस वर्षे आपल्या सदस्यांना तुमच्याकडे पाठवते. मात्र रोजच्या कामावरचा हात सुटू देऊ नका. ग्रॅच्युइटी, अपघाताची नुकसानभरपाई, भविष्य निर्वाह निधी, पुनर्स्थापना, या साध्या प्रकरणांवर कार्यालय चालते. मोठ्या खटल्याच्या मागे लागून ज्यांनी ती तारखांवर तारखा घेऊन कुजवली, त्यांची वकिली मी मोडताना पाहिली आहे.

बचाव करणे म्हणजे मत मान्य करणे नव्हे, हे तुम्हाला घरीही समजावून सांगावे लागेल. स्थानबद्ध केलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्यासाठी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेले एम. के. नंबियार हे काही त्या पक्षाचे नव्हते. स्थानबद्धतेचा कायदा बहुतांशी टिकला, पण स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढे उघड करायलाही बंदी करणारे कलम १४ त्या खटल्यात रद्द झाले, आणि नंबियार यांनी मांडलेल्या विचाराला पुढे १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणात मान्यता मिळाली. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तलश्शेरीत शेतकऱ्यांची, कामगारांची आणि कम्युनिस्टांची वकिली केली, त्याबद्दल १९४८ मध्ये त्यांना स्वतःलाच सुमारे महिनाभर स्थानबद्ध केले गेले. पुढे ते केरळचे मंत्री झाले आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. 'उद्योग' या शब्दाची व्याप्ती रुंदावणारा १९७८ चा बेंगळूर पाणीपुरवठा प्रकरणातील निकाल त्यांचाच. मी हे उजळ बाजू दाखवण्यासाठीच लिहितो आहे असे समजू नका. छत्तीसगडमधील कामगारांच्या वकील सुधा भारद्वाज यांना ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झाली आणि जामीन मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झालेले नाहीत. हा धोका आजही आहे, आणि तो नाही असे मी तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून काही पथ्ये मी कसोशीने पाळतो. तुरुंगातून कोणाचीही चिठ्ठी बाहेर आणत नाही आणि बाहेरचा निरोप आत नेत नाही, मग तो मुलीच्या लग्नाचा का असेना. तो निरोप कुटुंबीयांनी भेटीत द्यावा. युनियनची रोकड, इतिवृत्ताच्या वह्या किंवा पत्रके कार्यालयात ठेवून घेत नाही. फी पावतीने घेतो, ती वर्गणीतून जमलेल्या सुट्या नोटांची असली तरीही. सभेत मंचावर बसत नाही. आणि न्यायाधीश कितीही चिडले तरी आवाज चढवत नाही. हरकत घेतो, ती नोंदवून घ्यायला सांगतो आणि खाली बसतो. सॅकर आणि ग्लॅडस्टीन यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु वकील तुरुंगात गेला की त्याच्या अशिलासाठी उभे राहणारा कोणी उरत नाही.

थोडक्यात सांगायचे तर आरोपाचा कायदा पाहा, अशील कोण ते ठरवा, आणि विचारांपासून कृत्य वेगळे काढून तेवढ्यावर बचाव उभा करा.

वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी सेक्रेटरींना एकट्याने भेटा, युनियनचा कोणीही बरोबर नसताना. त्यांना स्पष्ट विचारा की युनियनचे हित आणि त्यांची सुटका यांत निवड करण्याची वेळ आली तर त्यांची इच्छा काय असेल. उत्तर काहीही असो, ते त्यांच्याच शब्दांत लिहून तारखेसह फाइलमध्ये ठेवा. नंतर युनियनच्या अध्यक्षांना सांगा की फी तुम्ही देत असला तरी खटल्यातील निर्णय आरोपी घेईल, आणि बरोबर आणखी कोणी आरोपी असतील व त्यांचा बचाव वेगळा असेल तर त्यांच्यासाठी वेगळा वकील नेमावा लागेल. हे त्यांनी मान्य केले तर वकीलपत्र घ्या. मान्य केले नाही, तर फीविना घ्या किंवा दुसरा चांगला वकील गाठून द्या, पण त्या माणसाला पुढच्या तारखेला न्यायालयात एकटे उभे राहू देऊ नका.